वाचकांचे प्रश्न : पान उलटल्यावर येणारे हसू

नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी विनोदी चित्रपुस्तके कशी करावीत, याविषयीचे प्रश्न या सदराकडे पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांनी त्यास प्रतिसाद दिला, आणि काहींनी तर पत्रासोबत संपूर्ण हस्तलिखितेच पाठवली. प्रत्येक पत्राला येथे उत्तर देणे जागेअभावी शक्य नाही. म्हणून ज्यांत इतरांच्याही शंका सामावल्या आहेत असे सात प्रश्न निवडले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी निवृत्त कारकून असून गुहागरजवळ राहतो. पहिलीत गेलेल्या नातीसाठी मी खाडीवरच्या बगळ्याची एक गंमतगोष्ट लिहिली. मी वाचून दाखवतो तेव्हा ती पोट धरून हसते. पण तीच गोष्ट तिला स्वतः वाचायला दिली की दोन ओळींत कंटाळते आणि हसत तर मुळीच नाही. माझे चुकते कोठे? पहिले पान सोबत जोडले आहे.

उत्तर : आजोबा, आपली गोष्ट चांगली आहे, ती फक्त आपल्या तोंडासाठी लिहिलेली आहे, नातीच्या डोळ्यांसाठी नाही. आपले पहिलेच वाक्य पाहावे : ‘एके दिवशी सकाळी खाडीच्या काठावर एक पांढराशुभ्र बगळा मासा मिळण्याची वाट पाहत एका पायावर शांतपणे उभा होता.’ शब्द १७, त्यांत जोडाक्षरे तीन. पहिलीतले मूल अक्षरावर बोट ठेवून वाचते, अक्षरे जुळवून शब्द करते, शब्द लक्षात धरून पुढे सरकते, आणि ‘उभा होता’पर्यंत पोचेतो उभा कोण होता हे विसरून गेलेले असते. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानातही पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचे वाक्य वाचावे, एवढीच अपेक्षा ठेवलेली आहे. सतरा शब्दांचे ओझे वाहून नेल्यावर हसायला दम कोठून उरणार?

विनोदाचा जीव वेळेवर असतो. आपण वाचून दाखवता तेव्हा कोठे थांबायचे, कोठे आवाज खाली आणायचे, कोठे डोळे मोठे करायचे हे सारे आपल्या हाती असते. मूल स्वतः वाचते तेव्हा ही सूत्रे त्याच्या हाती जातात, आणि ते तर अडखळत, मागे येत वाचणार. म्हणून नवशिक्या वाचकाच्या पुस्तकातला विनोद असा हवा की कितीही सावकाश वाचले तरी तो शिळा होऊ नये. अशा दोन जागा मला ठाऊक आहेत. एक, चित्र आणि वाक्य यांच्यातला विरोध. दुसरी, पान उलटण्याचा क्षण. चित्र वाट पाहते, आणि पानही मुलाने उलटल्याखेरीज उलटत नाही.

आपल्याच बगळ्याला घेऊन करून पाहू. त्याचे नाव बबन ठेवू. पहिल्या जोडपानावर, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर, तो पाण्याच्या कडेला उभा आहे, पाणी नखांना लागते आहे, आणि खाली तीनच शब्द आहेत : ‘बबन गप उभा.’ पान उलटावे. पाणी गुडघ्यापर्यंत, शब्द तेच : ‘बबन गप उभा.’ पुन्हा पान उलटावे. भरती पोटाला लागली आहे, एक मासा मागून डोकावतो आहे, पण वाक्य बदललेले नाही. चौथ्या वेळी पाण्याबाहेर फक्त मान आणि चोच, माशांचे अख्खे कुटुंब जमले आहे, सर्वांत धाकटा मासा उडी मारून बबनच्या डोक्यावर बसला आहे, आणि पुस्तक तरीही निर्विकारपणे सांगते : ‘बबन गप उभा.’ शेवटच्या पानावर बबन पोट वर करून पाण्यावर तरंगतो आहे, पोटावर मासे रांगेने बसले आहेत, आणि मजकूर असा : ‘बबन गप. पण उभा नाही.’

येथे भरतीचा उल्लेख मजकुरात एकदाही नाही, तो चित्राने केला. आणि वाक्य तेच तेच आल्यामुळे तिसऱ्या पानापासून मूल ते अडखळल्याशिवाय वाचू लागते. आपल्याला वाचता येते असे त्याला वाटू लागते, आणि ते खरेही असते. असे एक हाताने केलेले पुस्तक मी रत्नागिरी तालुक्यातील एका शाळेत पहिलीच्या मुलीपुढे ठेवले होते. ‘पण’पाशी ती थांबली, ‘उ-भा’ असे तोडून वाचले, ‘ना-ही’वर बोट ठेवले, मग वर चित्राकडे पाहिले, पुन्हा ‘नाही’कडे पाहिले, आणि मगच हसली. शब्द आणि हसू यांच्यामध्ये चांगले तीन-चार श्वास गेले असतील. त्या वेळात मी तोंड उघडले असते तर ते हसू माझे झाले असते. म्हणून विनोदाची किल्ली शेवटच्या शब्दात ठेवावी आणि तो शब्द मुलाला एकट्याने सोडवू द्यावा. बगळा असा उताणा तरंगत नाही, अशी हरकत आपण घ्याल. नातीला विचारून पाहावे. खाडीकाठच्या मुलाला ते आपल्याआधी ठाऊक असते, आणि ठाऊक असते म्हणूनच हसू येते.

प्रश्न : मी देवगड तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवते. दिवाळीपर्यंत मुलांची सारी अक्षरेही झालेली नसतात, मात्रा-वेलांटी तर दूरच. उरलेल्या शब्दांत वाक्ये केली की ‘छगन, गवत बघ’ अशी निर्जीव होतात. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर विनोद कसा करावा?

उत्तर : बाई, भांडवल तुटपुंजे असल्याचे आपण म्हणता, पण मराठीने आपल्यासाठी त्यात बरेच काही राखून ठेवले आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आज्ञार्थ. मराठीत लहानग्याला किंवा बरोबरीच्याला सांगायचे क्रियापद बहुधा नुसता धातू असतो : बस, पळ, बघ, धर, सरक, लप, हस, रड. यात काना नाही, मात्रा नाही, आणि घरादारात मुलाच्या कानांवर दिवसभर पडत असतात ते हेच शब्द. दुसरी गोष्ट, यांतल्या ‘बस’ या शब्दाला तीन अर्थ आहेत : एसटीची बस, खाली बस, आणि पुरे झाले या अर्थीचे बस. आता हे पुस्तक पाहावे. ‘बस बघ.’ धुरळा उडवीत एसटी येते आहे. ‘पळ!’ आई आणि मुलगा धावताहेत, चपला मागे राहिल्या आहेत. ‘बस.’ आईने मुलाला बाकावर टेकवले. ‘सरक.’ एक बाई फणस घेऊन आल्या. ‘परत सरक.’ एक गृहस्थ बकरी घेऊन आले. ‘वर बस.’ मुलगा आता फणसावर बसला आहे आणि त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला आहे. शेवटचे पान : खिडक्यांतून हात, पाय, बकरीचे शेपूट आणि माडाची झावळी बाहेर आली आहे, दारात अडकलेला वाहक हात वर करून ओरडतो आहे : ‘बस!’

यात एकूण ९ निरनिराळी अक्षरे आहेत आणि स्वरचिन्ह एकही नाही. एकच शब्द चारदा आला, तीन निराळे अर्थ घेऊन आला, आणि कोणता अर्थ घ्यायचा ते चित्राने सांगितले. बोलताना आपण शेवटच्या शब्दावर जोर देऊन ‘बस्स’ म्हणतो, परंतु पुस्तकात साधे ‘बस’च ठेवावे. जोर मूल आपणहून देते. तो दिल्याचे ऐकू आले की त्याला अर्थ कळला, हे आपल्याला कळते, आणि त्यासाठी वेगळी तोंडी परीक्षा घ्यावी लागत नाही.

तिसरी गोष्ट नादाची. टपटप, गडगड, सळसळ, खळखळ, फडफड, वळवळ, चरचर, खडखड : मराठीतले हे सारे शब्द बिनमात्रेचे आहेत. मोठ्यांच्या लिखाणात ते भरतीला येतात. मुलांच्या पुस्तकात ते वाक्याचा कणा होऊ शकतात. ‘ढग गडगड. छत टपटप. बाबा टपटप.’ तिसऱ्या वाक्यात काना आला, पण खाटेवर बसून शांतपणे पेपर वाचणारे आणि नखशिखांत भिजलेले बाबा पाहिल्यावर तो काना कोणालाही जड जात नाही. ज्याला जो नाद लागू नाही त्याला तो लावला की मुलाला आपण पुस्तकापेक्षा शहाणे असल्याचा आनंद मिळतो, आणि हा आनंद वाचू लागलेल्या मुलाच्या वाट्याला फार क्वचित येतो. एरवी दिवसभर पुस्तकच त्याच्यापेक्षा शहाणे असते.

आता एक सावधगिरी, जी अनुभवी लेखकांच्याही ध्यानात येत नाही. नायक निवडताना त्याचे सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना होणारे रूप, आधी तपासावे. ‘बगळा’ वाचायला सोपा, पण त्याला विभक्ती लागली की ‘बगळ्याने’ होतो आणि जोडाक्षर पुढे उभे राहते. खेकड्याचेही तसेच. ‘बेडूक’ मधला दीर्घ ऊकार ‘बेडकाने’ म्हणताच नाहीसा होतो. ‘मासा’ तर ‘माशाने’ होतो. काल शिकलेला ‘स’ आज ‘श’ होऊन आला, म्हणजे मुलाला फसवल्यासारखेच झाले. याउलट फणस, बदक, नारळ, गाढव ही मंडळी सरळमार्गी आहेत : फणसाने, बदकाने, एक काना वाढला की काम झाले. मगर आणि होडी यांनाही फारसे काही होत नाही. बगळाच हवा असेल तर त्याला माणसाचे नाव द्यावे, कारण नावे आपण आता बदलत नाही : बबनने, बबनला. वर बगळ्याचे नाव बबन ठेवले ते केवळ अनुप्रासासाठी नव्हे.

आणि आपल्या मुलांना ठाऊक असलेले बिनमात्रेचे शब्द एकदा वर्गात गोळा करून पाहावेत. अंकलिपीत कमळ आणि मगर असतात; आपल्या वर्गात गलबत, खडक, फणस, पडवळ, सरबत हेही निघतील. ‘गलबत’ हा चार अक्षरी शब्द बिनमात्रेचा आहे, हे माझ्या स्वतःच्या ध्यानात एका मुलाने फळ्यावर लिहून दाखवल्यावर आले.

प्रश्न : आमच्या मालवण भागातील मुले घरी मालवणी बोलतात. पुस्तक मालवणीत करावे, अशी माझी इच्छा आहे. पण पालक म्हणतात, घरची भाषा पुस्तकात कशाला, शाळेत प्रमाण मराठीच लागते. शिवाय मालवणीचे लेखन प्रत्येकजण निराळे करतो.

उत्तर : मूल वाचताना अक्षरांचा आवाज जुळवते आणि तो आवाज ओळखीचा निघाला तरच त्याचा शब्द होतो. त्यामुळे घरातला शब्द पुस्तकात भेटणे ही वाचनाला मदतच असते. कधीकधी मालवणी शब्द वाचायलाही सोपा असतो. इथे, तिथे, कुठे यांत वेलांटी, उकार, मात्रा आहेत. हय, थय, खय यांत काहीच नाही. काहीजण यांवर अनुस्वार देतात, काही देत नाहीत. आपण एक रूप ठरवावे, गावातल्या दोन-तीन वडीलधाऱ्यांकडून मोठ्याने वाचून घ्यावे, आणि पुस्तकभर तेच ठेवावे. मोठ्यांना खटकणाऱ्या लेखनभेदांपेक्षा एकाच पुस्तकात दोन पानांवर दोन रूपे येणे मुलाला अधिक त्रासदायक होते.

संपूर्ण पुस्तक मालवणीत करण्यास माझी हरकत नाही, परंतु पालकांची समजूत पटण्याजोगी वाट दुसरी आहे : निवेदन प्रमाण मराठीत, बोलणे मालवणीत. आपल्या दशावतारी नाटकाला ही वाट जुनी आहे. देव आणि राजे ग्रांथिक मराठीत बोलतात, आणि संकासुर आला की मालवणी सुरू होते व मांडव हसू लागतो. मात्र यातच एक धोका आहे. मालवणी फक्त विदूषकाच्या तोंडी ठेवली तर मूल भाषेलाच हसायला शिकते. आपल्या पुस्तकात मालवणी बोलणारे पात्र सर्वांत चलाख असावे, आणि फजिती प्रमाण भाषेत बोलणाऱ्या निवेदकाची व्हावी. निवेदक छातीठोकपणे सांगतो, ‘घरात कोणी नाही.’ चित्रात खाटेखालून दोन पाय दिसताहेत. आजी विचारते, ‘झील खय गेलो?’ (मुलगा कुठे गेला?) आणि तिची काठी नेमकी त्या पायांकडे वळलेली आहे.

‘गेलो’चीही एक गंमत आहे. प्रमाण मराठीत ‘गेलो’ म्हणजे मी गेलो, मालवणीत ‘तो गेलो’. घरची ही सवय वहीत उतरली की त्याखाली लाल रेघ येते. हा गोंधळच एखाद्या पुस्तकाचा विषय होऊ शकेल. निवेदक ‘गेला’ म्हणतो, आजी ‘गेलो’ म्हणते, दोघेही बरोबर असतात, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो खाटेखालीच असतो.

प्रश्न : मी कुडाळचा चित्रकार आहे. विनोदी बालपुस्तकासाठी पिंगुळीच्या चित्रकथी शैलीत चित्रे काढावीत असे मनात आहे. ही शैली धार्मिक कथांची. तिच्यात विनोद शोभेल का?

उत्तर : शोभेल, पण आधी तिच्याकडून काय घ्यायचे ते ठरवावे. पिंगुळीच्या ठाकर समाजातील कलावंतांनी जपलेली ही कला आपल्याला माझ्यापेक्षा जवळून ठाऊक असणार. परशुराम गंगावणे यांना तिच्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे सुट्या पानांवर असतात, अशा संचाला पोथी म्हणतात, आणि कथेकरी वाद्यांच्या साथीने कथा गात एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो. चित्रपुस्तक काढणारे अनेकजण या शैलीचे मोठे डोळे, बाजूने दाखवलेले चेहरे आणि कडेची नक्षी तेवढी उचलतात. त्याने पुस्तक सुरेख दिसते, पण विनोदाला त्याचा उपयोग होत नाही.

घेण्यासारखी गोष्ट कथेकऱ्याच्या हातात आहे. पुढचे चित्र तो लगेच दाखवत नाही. ते मांडीजवळ पडलेले असते, प्रेक्षकांना ते तेथे असल्याचे ठाऊक असते, आणि गाणे मात्र अजून मागच्याच चित्रावर चाललेले असते. आपल्या पुस्तकात कथेकरी नाही, म्हणून हे काम पानाने करायचे आहे. उजव्या पानाच्या कडेला काहीतरी अर्धवट ठेवावे : एक शेपूट, एक सावली, कोणाचा तरी बाहेर आलेला पाय. मुलाची नजर तेथे जाते, बोट आपोआप पानाच्या कोपऱ्याकडे सरकते. बाजूने काढलेला चेहरा पुढच्या पानाकडे पाहत असेल तर तोही त्याच कामाला येतो. म्हणजे शैलीची एक जुनी रीत येथे नव्याने उपयोगी पडली.

लेखक आपल्याला हस्तलिखित देईल तेव्हा त्यातला चित्रात दिसणारा प्रत्येक शब्द पेन्सिलने खोडून त्याला परत पाठवावा. ‘लाल टोपी घातलेला उंच माणूस’ असे त्याने लिहिले असेल आणि टोपी आपण लालच काढणार असाल, तर ‘लाल’, ‘टोपी’ आणि ‘उंच’ या तिन्हींची मुलाला गरज नाही. लेखक थोडा रुसेल. आणि शैली पिंगुळीची असेल तर पिंगुळीतल्या कलावंताला बोलवावे, मानधन द्यावे, आणि पुस्तकावर त्याचे नाव छापावे. दुरून नक्कल करण्यापेक्षा ते सरळ आहे, आणि आपल्याला तर कुडाळहून जायचे म्हणजे अंतरही काही नाही.

प्रश्न : माझ्या गोष्टीत एक जाडा मुलगा दारात अडकतो आणि सगळे त्याला ओढतात. माझ्या मैत्रिणीचे मत, ही गोष्ट छापू नये. छापायचीच तर शेवटी तात्पर्य तरी द्यावे, असे चिपळूणच्या आमच्या मंडळातील इतरांना वाटते.

उत्तर : मैत्रिणीचे ऐकावे. जाडेपणा, रंग, तोतरेपणा यांवर काढलेले हसू वर्गातल्या एका ठरावीक मुलाच्या अंगावर जाऊन पडते, आणि ते मूल तुमच्या वाचकांपैकीच असते. अडकण्यातली गंमत मात्र खरी आहे, ती सोडू नये. मुलगा किडकिडीत असू द्या. त्याने दोन्ही हातांनी एक भला मोठा फणस कवटाळलेला असू द्या, आणि तो सोड म्हटले तरी सोडायला तयार नाही म्हणून दारात अडकू द्या. आता हसू हट्टाला आहे, आणि हट्ट प्रत्येकाच्या घरी आहे.

तात्पर्य देऊ नये. विनोदाचा शेवट उपदेशाने केला की मूल पुढच्या वेळी ते पान येण्याआधीच पुस्तक मिटते.

प्रश्न : आम्हांला लिहिता येते, चित्रे काढता येत नाहीत. इंटरनेटवरची चित्रे वापरली तर चालतील का?

उत्तर : दिसेल ते चित्र उचलणे चालणार नाही. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मुलांच्या पुस्तकांतील चित्रे मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. चित्रकाराचे श्रेय आणि परवान्याचा उल्लेख केल्यास ती आपल्या गोष्टीसाठी वापरता येतात. सरावासाठी ही सोय उत्तम आहे. परंतु तयार चित्रावर गोष्ट बेतली की वर सांगितलेला चित्र-वाक्यांचा विरोध साधणे अवघड जाते. मुलांनाच काढायला सांगावे. बकरीला सहा पाय झाले तर वाक्य त्याप्रमाणे बदलावे.

प्रश्न : राजापूर तालुक्यातील आमच्या वाचनालयाने गेल्या वर्षी हाताने वीस पुस्तके करून शाळांना दिली. पावसाळ्यात पिना गंजल्या, पाने चिकटली, काहींवर बुरशी आली. यंदा काय करावे? पानांची संख्या आणि अक्षरांचा आकार यांविषयीही सांगावे.

उत्तर : चार ए-४ कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की १६ पाने होतात. पहिले मुखपृष्ठ, सोळावे मलपृष्ठ, आणि मध्ये २-३ पासून १४-१५ पर्यंत सात जोडपाने. नवशिक्या वाचकाच्या विनोदी गोष्टीला सात जोडपाने पुरतात. पहिल्या दोनांत ओळख, मधल्या चारांत चढत जाणारा घोटाळा, सातव्यात फजिती. पाने वाढवायची झाली तर चाराच्या पटीतच वाढतात. धक्का देणारे चित्र नेहमी डाव्या, म्हणजे सम क्रमांकाच्या पानापासून सुरू व्हावे. ते उजव्या पानावर असेल तर मूल डावे पान वाचता वाचता उजवीकडे पाहून घेते आणि गंमत फुकट जाते. गोष्ट लिहिण्यापूर्वी कोऱ्या कागदांची अशी एक वही दुमडून तिच्यात पेन्सिलने मांडणी करावी. जमलेल्या हस्तलिखितांपैकी निम्म्यांचा दोष या एका वहीने निघून गेला असता.

अक्षर २४ पॉइंटपेक्षा लहान नसावे आणि दोन ओळींत इतके अंतर असावे की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आदळणार नाही. मजकूर चित्रावर न छापता पांढऱ्या जागेत छापावा. शब्द ओळीच्या शेवटी तोडू नये. वाक्य दोन ओळींत जात असेल तर बोलताना आपण जेथे थांबतो तेथेच तोडावे. ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा टंक (फॉन्ट) विनामूल्य असून स्वच्छ आहे. कोणताही टंक घ्या, त्यातले ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, हे छपाईपूर्वी पाहावे. अनेक टंकांत ते हिंदी वळणाचे येतात, आणि बाईंनी फळ्यावर शिकवलेला ‘ल’ पुस्तकात ओळखू न आल्याने मूल अडते. दोष टंकाचा असतो आणि वेंधळे मूल ठरते.

आता पावसाचे. शाईच्या फवाऱ्याच्या प्रिंटरवर छापलेली पाने दमट हवेत आणि ओल्या बोटांनी पसरतात, म्हणून लेझर छपाई घ्यावी. छपाई आणि बांधणी मेअखेर उरकावी; जूनमध्ये कागद ओल धरतो आणि घडी सरळ बसत नाही. पुस्तके शाळेच्या लोखंडी कपाटात श्रावणभर बंद ठेवली जाणार असतील तर कोणताही उपाय चालणार नाही. ओसरीत दोरी बांधून तिच्यावर ती उघडी वाळत घातल्यासारखी टांगावीत, आणि मुलांना येता-जाता काढू द्यावीत.

पिना मात्र बंदच कराव्यात. घडीवर दाभणाने तीन भोके पाडावीत, एक मध्यावर आणि दोन कडांपासून सारख्या अंतरावर. जाड सुती दोरा पुस्तकाच्या आतून मधल्या भोकातून बाहेर काढावा, वरच्या भोकातून आत घ्यावा, आतूनच मधले भोक ओलांडून खालच्या भोकातून बाहेर काढावा आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणावा. दोऱ्याची दोन टोके आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली की त्यावर घट्ट गाठ मारावी. वीस पुस्तकांना दोघींचा एक दुपारचा वेळ लागतो. गाठ आतच राहिली पाहिजे, आणि टोके आखूड कापली पाहिजेत. बाहेर लोंबत ठेवली तर पहिलीची मुले पुस्तक उघडण्याआधी ती सोडवायला बसतात.